यूजर एरर आणि तीन चाकं

गेल्या रविवारी लोणावळ्याजवळच्या एका रिसॉर्टवर एटीव्ही चालवली. सरळ रस्त्यावरही गाडी सारखी डावीकडे ओढत होती, हँडल थरथरत होतं. शेवटी मी झुडपात! तिथला पोरगा हसून म्हणाला, "साहेब, तुम्हाला जमत नाहीये." मग उकिडवा बसून त्याने टायर दाबून पाहिले. पुढचं डावं एकदम मऊ. हवा भरली, गाडी सुतासारखी सरळ.

पण ते "तुम्हाला जमत नाहीये" काही डोक्यातून जाईना. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचं हेच तर लाडकं निदान: यूजर एरर! या गाडीच्या इतिहासातही हे निदान बरीच वर्षं चाललं.

होंडाने १९७० साली अमेरिकेत यूएस ९० ही तीनचाकी आणली. तीच पुढे एटीसी ९० झाली. कारण साधं होतं. हिवाळ्यात मोटरसायकली खपत नाहीत, तेव्हा डीलरने विकायचं काय? ओसामु ताकेउची या इंजिनिअरने फुग्यासारख्या मोठ्या टायरची गाडी बनवली. बर्फ, वाळू, चिखल, कुठेही चालणारी. लोकांना ती खेळण्यासारखी वाटली आणि मुलांच्याही हातात गेली.

आता गंमत बघा. मागच्या दोन्ही चाकांना एकच अखंड अ‍ॅक्सल, डिफरन्शियल नाही. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, पण इथे दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरणार. म्हणून हँडल वळवलं तरी गाडी सरळच जायला बघते. वळायचं तर अंग आत झुकवून वजन बाहेरच्या पायावर द्यायचं, म्हणजे आतलं चाक हलकं होऊन घसरतं. सुरुवातीच्या गाड्यांना वेगळं सस्पेन्शनही नव्हतं, टायर हेच सस्पेन्शन. मागच्या दोन टायरच्या हवेत थोडा फरक पडला की गाडी एका बाजूला ओढणार.

सर्वात वाईट म्हणजे, गाडी कलली की आपण सायकलवर टेकवतो तसा पाय आपोआप खाली जातो आणि मागचं चाक त्यावरूनच जातं. म्हणजे माणसाची उपजत सवयच इथे चूक ठरते!

अपघात वाढत गेले, त्यात सोळा वर्षांखालची मुलं खूप. कंपन्यांचं म्हणणं: चालवणारे चुकतात. डिसेंबर १९८७ मध्ये अमेरिकी सरकार कोर्टात गेलं. १९८८ मध्ये होंडा, यामाहा, सुझुकी, कावासाकी आणि पोलारिस यांनी तडजोड मान्य केली: नव्या तीनचाकींची विक्री बंद, शिवाय प्रशिक्षण आणि धोक्याच्या सूचना. आधी विकलेल्या गाड्या मात्र लोकांकडेच राहिल्या. तो करार १० वर्षांचा होता. नव्या तीनचाकींवर कायद्याने बंदी यायला २००८ उजाडलं.

तोवर चारचाकी एटीव्ही रुळली होती. तीही उलटते, हे खरंच. चौथं चाक म्हणजे काही जादू नव्हे.

चालवणारे चुकत होते, हे खोटं नव्हतं. पण हजारो लोक एकच चूक करत असतील, तर ती चूक त्यांची एकट्याची कशी? कितीतरी बग मीसुद्धा "यूजर एरर" लिहून बंद केलेत. सोमवारी ऑफिसला गेल्यावर त्यातले दोन-तीन पुन्हा उघडावे म्हणतो. आधी हवा तरी तपासून बघू!