नोंदवहीबाहेरची माणसे : सोलापूर, १९४८

निर्वासित आणि वेड यांचा विषय निघाला की साहित्याचा विद्यार्थी थेट लाहोरला, मंटोच्या ‘टोबा टेकसिंग’पाशी जातो. त्यात वावगे काही नाही. ती कथा हवेतून आलेली नव्हती. १९५० साली लाहोरच्या मनोरुग्णालयातले सुमारे ४५० हिंदू व शीख रुग्ण खरोखरच भारतात आणले गेले आणि २३३ मुसलमान रुग्ण पलीकडे धाडले गेले. पण हे सारे फाळणीपूर्वीच भिंतींच्या आत होते, म्हणून मोजले गेले. वाटेत ज्यांचे चित्त ढळले त्यांची अदलाबदल करायला कोण बसणार?

आम्हांला हा प्रश्न सोलापूरच्या संदर्भात विचारावासा वाटतो, कारण सोलापूरलाही एक सरहद्द होती. तुळजापूर, नळदुर्ग, उस्मानाबाद (आजचे धाराशिव), लातूर निजामाकडे. सोलापूर आणि बार्शी मुंबई इलाख्यात. १९४७-४८ मध्ये रझाकारांच्या भयाने कुटुंबेच्या कुटुंबे अलीकडे आली. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजेची मुख्य तुकडी सोलापूरहूनच निघाली, त्याच दिवशी नळदुर्ग पडले आणि पाचव्या दिवशी निजामाने हार मानली. मग भयाची दिशा उलटली. पंडित सुंदरलाल समितीने कारवाईच्या काळातल्या व नंतरच्या मृतांचा अंदाज किमान २७ ते ४० हजार असा दिला. हे बहुतांश मुसलमान होते आणि सर्वाधिक झळ पोचलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद होते. हा अहवाल पुढे कित्येक दशके अप्रकाशित राहिला. एकाच मुलखात एकाच वर्षी दोन समाजांनी घरे सोडली. आपल्या मुक्तिसंग्रामाच्या स्मरणात मात्र पहिलेच स्थलांतर ठळक राहिले, हे कबूल केलेले बरे.

या माणसांना ‘निर्वासित’ म्हणायचे का, हीच पहिली अडचण. १९५४ च्या विस्थापितांच्या नुकसानभरपाई कायद्याने विस्थापित मानला तो पश्चिम पाकिस्तानातून आलेला. कल्याणच्या छावणीतल्या, म्हणजे पुढच्या उल्हासनगरातल्या, सिंधी माणसाला ती व्याख्या लागू पडे. नळदुर्गहून आलेल्याला नाही. पश्चिम बंगालमध्ये निराधार स्त्रिया, वृद्ध व अपंग यांना सरकारने ‘कायमचा बोजा’ अशा वर्गात टाकले होते. शब्द क्रूरच, पण तिथे निदान एक यादी होती.

दुसरी वही मनोरुग्णालयाची. १९१२ च्या कायद्यानुसार दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने दाखला मिळे. त्यासाठी अर्ज करणारा आप्त हवा, नाहीतर पोलिसांनी धरून न्यायला हवे. भोर समितीच्या १९४६ च्या अहवालात साऱ्या ब्रिटिश भारतासाठी १९ मनोरुग्णालये आणि १०,१८१ खाटा नोंदल्या आहेत. आजही राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथे आहेत. सोलापूरहून जवळचे ते येरवडा, अडीचशे किलोमीटरांवर.

तिसरी वही कामाची. सोलापूर म्हणजे जुनी मिल, नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, आणि घरोघरचे माग. बदली कामगाराचा दिवस गिरणीच्या दारावर ठरतो. रात्रभर झोप न लागलेला माणूस पहाटे दारावर आला नाही, तर दुसरा आत जातो. तो ‘काम करण्यास असमर्थ’ असे कोणी लिहीत नाही. मागावर तेवढेही नाही. बायको कांड्या भरते, मुलगा माग ओढतो, आणि असमर्थता घरातच विरून जाते.

चौथी वही मृत्यूची. तीत ‘विहिरीत बुडून’ असे लिहिता येते. ती विहिरीपर्यंत का गेली, याला रकाना नसतो.

स्वीडनमध्ये या चारही वह्या एका वैयक्तिक क्रमांकाने जोडल्या आहेत. म्हणून तिथल्या संशोधकांना विचारता येते : मानसिक विकार जडलेल्या निर्वासितांपैकी किती जणांना अपंगत्वाचे निवृत्तिवेतन घ्यावे लागले, किती जण अकाली मेले? आमच्याकडे हा प्रश्न १९४८ पुरता आकड्यांत मांडता येणारच नाही. म्हणून आम्हांला वाटते, मराठवाडा-सोलापूर सीमेवरच्या आठवणी आणि आत्मचरित्रे पुन्हा वाचताना नायकांवरून नजर थोडी बाजूला न्यावी. ओटीवर दिवसभर बसून राहणारा, कशालाच उत्तर न देणारा चुलता एखाद्या ओळीत येतो आणि पुढच्या पानावर तो नसतो. ते पान आम्ही वाचू पाहतो आहोत.