दगडावरची अक्षरे आणि ती वाचणाऱ्या संस्था

वऱ्हाडातील जुन्या मशिदी, दर्गे आणि किल्ल्यांचे दरवाजे पाहत हिंडणाऱ्यास एक दृश्य वारंवार दिसते. कमानीच्या वर एक शिळा बसविलेली असते. तिच्यावर उठावाची अक्षरे असतात. परंतु उरुसापूर्वी किंवा ईदपूर्वी मोठ्या श्रद्धेने दिलेल्या चुन्याच्या थरांखाली ती बुजत चाललेली असतात. गावातील बुजुर्गांना विचारावे, तर ते सांगतात, "कुराणातील काही लिहिलेले आहे." पुष्कळदा ते खरेही असते. परंतु अनेकदा त्याच ओळींत इमारत बांधणाऱ्याचे नाव, त्या वेळच्या सुलतानाचे नाव आणि हिजरी सनही असतो. म्हणजे गावाच्या जन्माचा दाखला दारावर लावलेला असतो आणि आपणच दरवर्षी त्याच्यावर कुंचला फिरवीत असतो.

असा एक दाखला वाचला गेला म्हणजे काय घडते, याचे उदाहरण दूर शोधावयास नको. अकोला जिल्ह्यातील नरनाळा किल्ल्याच्या महाकाली दरवाजावर सुंदर वळणाचे कोरीव लेख आहेत. त्यांवरून हा दरवाजा बहमनी सुलतान शहाबुद्दीन महमूदशाहाच्या काळी, हिजरी ८९२ म्हणजे इ. स. १४८७ मध्ये उभा राहिला, हे निश्चित होते. त्याचा कर्ता फतहुल्ला इमादुल्मुल्क. याच फतहुल्लाने पुढे १४९० मध्ये वऱ्हाडात इमादशाही स्थापन केली आणि १५७४ पर्यंत ते राज्य टिकले. तवारिखा लिहिणारे बहुधा मागाहून आणि दुरून लिहितात. दगड मात्र त्याच दिवसांत, त्याच जागी बोललेला असतो. म्हणून इतिहासकार त्याची साक्ष मोलाची मानतो.

ही साक्ष नोंदविण्याचे काम करणाऱ्या संस्थांची ओळख आपल्या समाजातील पालकांना व विद्यार्थ्यांना फारच थोडी आहे. ती करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

यांत सर्वांत जुनी संस्था म्हणजे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण. १८६१ मध्ये अलेक्झांडर कनिंगहॅम यांच्या नेमणुकीने तिच्या कार्यास आरंभ झाला. अरबी व फारसी शिलालेखांसाठी तिने १९०७-०८ पासून 'एपिग्राफिया इंडो-मोस्लेमिका' ही स्वतंत्र मालिका काढली. तिचे अनेक वर्षे संपादन केले गुलाम यझदानी यांनी. १९१४ मध्ये हैदराबाद संस्थानात पुरातत्त्व खाते निघाले, त्याचे ते पहिले संचालक. आपल्या पैनगंगेच्या पलीकडे तेव्हा निजामाचे राज्य होते आणि अजिंठ्याची लेणीही त्याच राज्यात होती. अजिंठ्याच्या चित्रांवर यझदानी यांनी १९३० ते १९५५ या काळात जे ग्रंथ प्रसिद्ध केले, ते आजही प्रमाण मानले जातात. शिलालेखांवर आणि बौद्ध चित्रांवर सारख्याच निष्ठेने काम करणारा हा विद्वान विद्यार्थ्यांनी डोळ्यांसमोर ठेवण्यासारखा आहे.

स्वातंत्र्यानंतर या मालिकेचे नाव बदलले आणि अरबी-फारसी शिलालेखांची शाखा नागपूर येथे काम करू लागली. संस्कृत व द्राविडी भाषांतील लेखांची शाखा म्हैसूरला आहे. परंतु साऱ्या भारतातील अरबी-फारसी लेखांचे काम पाहणारी शाखा आपल्या विदर्भातच आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? याच शाखेत डॉ. झियाउद्दीन देसाई यांनी आयुष्यभर काम केले. पश्चिम भारतातील अरबी, फारसी व उर्दू शिलालेखांची त्यांनी केलेली स्थलवार सूची १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. एखाद्या गावचा लेख पूर्वी वाचला गेला आहे काय, हे पाहावयाचे असेल तर अशा सूचीपासूनच सुरुवात करावी लागते.

शिलालेख वाचण्याची रीत समजण्यास अवघड नाही. प्रथम मऊ कुंचल्याने दगड स्वच्छ करतात. मग ओला कागद त्यावर बसवून हलक्या हाताने ठोकतात आणि वरून शाईचा बोळा फिरवितात. उठावाची अक्षरे काळी उमटतात. या ठशावरून मजकूर वाचला जातो. सन कधी आकड्यांत असतो, कधी शब्दांत, तर कधी एखाद्या वाक्यात लपविलेला असतो. अरबी वर्णमालेतील प्रत्येक अक्षरास किंमत आहे: अलिफ १, बे २, जीम ३, दाल ४. वाक्यातील अक्षरांची बेरीज केली की सन निघतो. दुकानांच्या पाट्यांवर आपण पाहतो तो ७८६ हा आकडा याच हिशेबाने आलेला आहे. म्हणजे या विद्येची पहिली पायरी आपल्या घरातील मूल न कळत चढलेलेच असते!

इतिहास केवळ अक्षरांत नसतो. तो मातीतही असतो. आपल्याकडे जुन्या वस्तीच्या उंचवट्यास 'पांढरी' म्हणतात. घरे लिंपण्यास किंवा शेतात टाकण्यास तिची माती लोक गाडीने नेतात आणि तिच्याबरोबर खापरे, मणी आणि हाडेही जातात. अशाच एका टेकाडावर, आपल्याच जिल्ह्यातील बाभुळगाव तालुक्यात पाचखेड येथे, नागपूर विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभागाने २०२३-२४ मध्ये उत्खनन केले. तेथे सुमारे ३००० वर्षांपूर्वीच्या लोहयुगीन वस्तीचा मागोवा लागला. त्यापूर्वी नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथे लोखंड गाळण्याची भट्टी सापडली होती, तर माहुरझरी येथील शिळावर्तुळांत तांब्याचा साज चढविलेले घोडे पुरलेले आढळले होते. या कामांत ज्या संस्थेचा मोठा वाटा आहे, ते पुण्याचे डेक्कन कॉलेज. १९३९ मध्ये तेथे संशोधन संस्था सुरू झाली आणि डॉ. ह. धी. सांकलिया यांनी तेथे उत्खनकांच्या पिढ्या घडविल्या.

याखेरीज अभ्यासकांच्या स्वतःच्याही संघटना आहेत. १९६७ मध्ये स्थापन झालेली इंडियन आर्किऑलॉजिकल सोसायटी 'पुरातत्त्व' हे नियतकालिक काढते. आदिमानवाच्या अभ्यासासाठी पुण्यातून 'मॅन अँड एन्व्हायरन्मेंट' निघते. नाण्यांच्या अभ्यासासाठी नाशिकजवळ अंजनेरी येथे खास संशोधन संस्था आहे. देशात कोठे काय सापडले, याचा वार्षिक वृत्तांत पुरातत्त्व सर्वेक्षण १९५३-५४ पासून छापत आले आहे. त्याचे जुने अंक आता संगणकावर विनामूल्य वाचता येतात. त्यासाठी पुण्या-मुंबईस जाण्याची गरज उरलेली नाही.

विद्यार्थ्यांनी या क्षेत्रात यावे कसे? कोणत्याही शाखेची पदवी घेऊन पुढे नागपूर किंवा पुणे येथे एम. ए. करण्याची वाट चौकशी करण्यासारखी आहे. पुरातत्त्व सर्वेक्षणाची ग्रेटर नोएडा येथील संस्था दोन वर्षांचा पदव्युत्तर डिप्लोमा देते. २०२० च्या तिच्या प्रवेश-जाहिरातीत इतिहास व पुरातत्त्वाबरोबर संस्कृत, पाली, प्राकृत, अरबी आणि फारसी या भाषांच्या एम. ए. पदवीधरांनाही पात्र ठरविले होते. "उर्दू-फारसी शिकून पोट भरते काय?" असे विचारणाऱ्या पालकांनी ही ओळ जरूर लक्षात घ्यावी. मात्र लिपी ओळखता आली म्हणजे काम भागले, असे नाही. मराठी, इंग्रजी आणि भूगोल यांचा पाया भक्कम हवा. मोडीही शिकावी, कारण वतनाच्या सनदा आणि महसुलाचे कागद पुष्कळदा मोडीत आहेत.

शाळकरी मुलांना, त्यांच्या अम्मी-अब्बांना आणि मशिदीच्या कारभाऱ्यांना आजपासूनच करता येण्यासारख्या काही गोष्टी आहेत. शिळेवर चुना किंवा ऑइलपेंट लावू देऊ नये. तो काढण्यासाठी छिन्नी अगर तेजाब मात्र कधीही वापरू नये. त्याने चुना जाईल आणि अक्षरेही जातील. सकाळच्या तिरप्या उन्हात शिळेचे छायाचित्र घ्यावे, गाव व जागा लिहावी आणि ते नागपूरच्या शाखेकडे पाठवावे. पाया खणताना नाणी अगर दागिने निघाले, तर ते सोनाराकडे नेऊ नयेत. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीच्या अशा वस्तूची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. आणि त्याच कायद्यात सापडविणाऱ्याच्या हक्काचीही तरतूद आहे. गुप्तधनाच्या नादाने रात्री खणणारा मनुष्य गुन्हा तर करतोच, पण गावाच्या इतिहासाचे एक पानही फाडतो.

आपले पूर्वज या मातीत कधी आले, त्यांनी येथे काय बांधले, शेजाऱ्यांबरोबर ते कसे राहिले, हे प्रश्न आज अनेक जण विचारतात आणि उत्तरे बहुधा ऐकीव गोष्टींवरून दिली जातात. ऐकीव उत्तराने वाद वाढतो. वाचलेल्या दगडाने तो पुष्कळदा मिटतो. पुसद परिसरातील एखाद्या मुलाने किंवा मुलीने उद्या आपल्या आजोळच्या वेशीवरील चार ओळी स्वतः वाचून दाखविल्या, तर त्या घरातील शिक्षणाचे सार्थक झाले असे समजावे.