सेरोफास्ट अवस्था, उपदंशातील

भावमिश्राच्या 'भावप्रकाशा'त जो फिरंगरोग म्हणून वर्णिलेला आहे आणि मराठी बोलीत ज्यास गरमी म्हणतात, त्या उपदंशावर पेनिसिलिनचा यथाविधी उपचार पुरा झाला, व्रण भरून आले, अंगावरचे चट्टे मावळले, पुन्हा संसर्ग झाल्याचाही काही पुरावा नाही, आणि तरीही रक्तपरीक्षेच्या कागदावर 'पॉझिटिव्ह' हाच शेरा वर्षानुवर्षे कायम राहतो, अशा स्थितीस ही संज्ञा आहे.

वासरमान याने १९०६ मध्ये प्रचारात आणलेल्या परीक्षेच्या वंशातील व्हीडीआरएल व आरपीआर या परीक्षा ट्रेपोनेमा पॅलिडम या जंतूचा शोध घेत नाहीत. कार्डिओलिपिन नामक मेदद्रव्याविरुद्ध रक्तात निर्माण झालेली प्रतिपिंडे तेवढी त्या मोजतात. फिर्याद जंतूविरुद्ध, आणि साक्ष मात्र बैलाच्या हृदयातून काढलेल्या द्रव्याची, असा हा विलक्षण खटला आहे. रक्तरस कितीपट विरल करूनही प्रतिक्रिया दिसते तो टायटर. तो उपचारानंतर चौपट उतरावा, म्हणजे १:३२ असेल तर १:८ व्हावा, अशी अपेक्षा असते. परंतु पहिल्या व दुसऱ्या अवस्थेतील सुमारे १० ते २० टक्के रुग्णांत योग्य उपचारानंतरही १२ महिन्यांत तेवढी उतरण होत नाही. मुळातच टायटर कमी असलेल्यांत व उशिरा उपचार मिळालेल्यांत हे अधिक आढळते. खुद्द जंतूविरुद्धची प्रतिपिंडे शोधणाऱ्या टीपीएचएसारख्या परीक्षा बहुधा जन्मभर पॉझिटिव्हच राहतात. त्यांचा येथे विचार नाही, जरी त्यांच्याच कागदाने रुग्ण अधिक घाबरतात.

या जंतूच्या बाह्यावरणात प्रथिने अत्यल्प असल्यामुळे प्रतिपिंडांना धरावयास जागा थोडी मिळते. म्हणून त्याच्या उच्चाटनाचा मुख्य भार साहाय्यक टी-पेशींवर आणि त्यांच्या इंटरफेरॉन-गॅमाने चेतविलेल्या भक्षिपेशींवर पडतो. सेरोफास्ट रुग्णांच्या रक्तात या व्यवस्थेचा तोल ढळलेला असतो काय, याचा तपास विशेषतः चीनमध्ये झाला आहे. प्रतिकारास लगाम घालणाऱ्या नियामक टी-पेशींचे प्रमाण वाढलेले, तर साहाय्यक टी-पेशी व नैसर्गिक मारक पेशी घटलेल्या, असे काही अभ्यासांत नमूद आहे. लगाम अधिक घट्ट झाल्याने काही जंतू ऊतींत दडून राहतात व प्रतिपिंडांची निर्मिती चालू ठेवतात, असा त्यावरून तर्क केला जातो. उलट पक्षी, जंतू नाहीसा झाल्यावरही दीर्घायुषी प्लाझ्मापेशी पूर्वीच्याच हुकुमानुसार प्रतिपिंडे बनवीत राहतात, हेही तितकेच संभवनीय आहे. रक्तातील पेशींची गणना म्हणजे ऊतींतील वस्तुस्थिती नव्हे. शिवाय हा बदल कारण की परिणाम याचा निर्णय अशा मोजणीने होत नाही, तस्मात केवळ पेशींच्या आकड्यांवरून रुग्णास 'बरा' किंवा 'बाधित' ठरविणे योग्य होणार नाही.

व्यवहारात पुनःसंसर्गाची शक्यता, मज्जासंस्थेची लक्षणे व एचआयव्ही यांची तपासणी करतात. पुढील देखरेखीची शाश्वती नसल्यास बेंझाथीन पेनिसिलिनची २४ लाख एककांची मात्रा आठवड्यास एक याप्रमाणे तीनदा देतात, आणि पुष्कळदा त्यानेही टायटर हलत नाही. अशा रुग्णाने आपल्या अखेरच्या टायटरचा कागद दप्तरी जपून ठेवावा. पुढे तो आकडा चौपट चढला, तर नवा संसर्ग ओळखण्यास तोच दाखला उपयोगी पडतो.