वसई-विरारची खाद्ययात्रा : सुकेळी, भुजिंग आणि ताजे बोंबील

मुंबईकर सुटीसाठी अलिबाग गाठतो, माथेरान गाठतो, रजा मोठी असेल तर थेट तळकोकणात उतरतो. मात्र चर्चगेटपासून जेमतेम ५० ते ६० किलोमीटरवर, उपनगरी गाडीच्या मासिक पासात बसणारा एक खाद्यप्रदेश त्याच्या यादीत क्वचितच असतो. वसई-विरार म्हटले की गर्दीने ओसंडणारी लोकल, पाणीटंचाई आणि इमारतींची दाटी एवढेच चित्र डोळ्यांपुढे येते. रेल्वेमार्गाच्या पूर्वेला आणि स्थानकांच्या आसपास ते बऱ्याच अंशी खरेही आहे. परंतु पश्चिमेला समुद्राकडे तीन-चार किलोमीटर गेले की केळीच्या बागा, पानवेली, विहिरी आणि बावखले असलेली जुनी वसई अजूनही भेटते. येथील खाद्यसंस्कृती याच पट्ट्यात टिकून आहे.

३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका अस्तित्वात आली आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन हा भाग पालघर जिल्ह्यात गेला. कागदावरच्या या सीमांपेक्षा येथील पाककृतींच्या सीमा फार जुन्या आहेत. १५३४ च्या तहाने गुजरातच्या सुलतानाने वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकेपर्यंत, म्हणजे सुमारे दोनशे वर्षे, येथे पोर्तुगीज अंमल होता. व्हिनेगर आणि पाव यांची चव त्या काळातली. सामवेदी, वाडवळ, कोळी, मांगेला, भंडारी, आगरी, ईस्ट इंडियन, सोपाऱ्याचे मुस्लिम आणि डोंगराकडचे वारली, मल्हार कोळी अशा अनेक समाजांच्या चुली येथे शेजारी शेजारी पेटतात. एका दिवसात हे सारे चाखणे शक्य नाही. त्यामुळे येताना ऋतू पाहून यावे आणि त्या ऋतूत जे मिळते तेवढ्यावर समाधान मानावे.

जायचे कसे?

पश्चिम रेल्वेवरील नायगाव, वसई रोड, नालासोपारा आणि विरार ही येथील चार स्थानके. वसई किल्ला, पापडी व जुन्या वसईसाठी वसई रोडला उतरावे. सोपारा, निर्मळ, कळंब यांसाठी नालासोपारा आणि आगाशी, अर्नाळा, जीवदानीसाठी विरार सोयीचे. विरार लोकलच्या गर्दीची धास्ती घेऊन अनेक जण हा बेत रद्द करतात, ते अनाठायी आहे. ही गर्दी सकाळी मुंबईकडे आणि सायंकाळी विरारकडे असते. मुंबईहून फिरायला येणारा पर्यटक नेमका उलट दिशेने जातो. सकाळी आठला चर्चगेट वा अंधेरीहून निघालेल्याला बहुधा बसायला जागा मिळते आणि सायंकाळी परततानाही हाल होत नाहीत. रविवारी हा हिशेब लागू नाही; त्या दिवशी दुरुस्तीचा ब्लॉक आहे का, हेही पाहून निघावे. मध्य रेल्वेच्या प्रवाशांना दिवा-वसई मार्गाने दादरचा फेरा टाळता येतो, पण या मार्गावरील गाड्या मोजक्या असल्याने परतीची वेळ आधीच टिपून ठेवावी.

मोटारीने येणाऱ्यांसाठी मुंबई-अहमदाबाद महामार्ग आहे. घोडबंदरजवळ वसई खाडीवरील नवा पूल मार्च २०२३ मध्ये खुला झाला, तरी सुटीच्या दिवशी तेथील कोंडी संपलेली नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये भाईंदर ते वसई किल्ला अशी रो-रो बोटसेवा सुरू झाली. मोटार वा दुचाकी बोटीवर चढवून, महामार्ग टाळून थेट किल्ल्याच्या पायथ्याशी उतरता येते. भरती-ओहोटी आणि पावसाळा यांनुसार फेऱ्या बदलतात, म्हणून आदल्या दिवशी चौकशी करणे इष्ट. स्थानकाबाहेर शेअर रिक्षा आणि महापालिकेच्या परिवहन सेवेच्या बस मिळतात. रात्री आठनंतर अर्नाळा, कळंबसारख्या टोकाच्या गावांतून रिक्षा मिळणे कठीण होते आणि मिळालीच तर भाडे दुप्पट सांगितले जाते.

आगाशी : सुकेळी आणि भुजिंग

विरार पश्चिमेला अर्नाळ्याच्या वाटेवर आगाशी लागते. जैन बांधव येथील देरासरासाठी येतात, खवय्ये येतात ते दोन पदार्थांसाठी. त्यांपैकी सुकेळी हा खास वसईचा मेवा. राजेळी जातीची पिकलेली केळी सोलून अनेक दिवस कडक उन्हात वाळवली की ती आक्रसून तपकिरी, चिकट आणि मधासारखी गोड होतात. मग ती केळीच्याच सुक्या पानांत घट्ट बांधतात. साखर नाही, तेल नाही, कोणताही टिकाऊ मसाला नाही. १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरनेही आगाशीच्या वाळवलेल्या केळ्यांची वाखाणणी केली आहे. प्रवासात बरोबर नेण्यास यासारखा खाऊ नाही.

मात्र सुकेळी वर्षभर आणि वाटेल तितकी मिळत नाहीत. ढगाळ हवेचे दोन दिवस आले तरी माल खराब होतो, म्हणून पावसाळा संपल्यानंतरचा कोरडा काळ हाच यांचा हंगाम. मुख्य अडचण वेगळीच आहे. राजेळीची बाग तयार व्हायला वेळ लागतो, तिला गोडे पाणी लागते आणि येथे जमिनीला बागेपेक्षा इमारतीचा भाव कितीतरी जास्त आहे. विहिरींतून टँकरने पाणी उपसले गेले, काही ठिकाणी विहिरी मचूळ झाल्या. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने उभे राहिलेले हरित वसईचे आंदोलन या वाड्या आणि हे पाणी वाचवण्यासाठीच होते. पावसाचे पाणी साठवणारी बावखले अनेक गावांत बुजली, काही ग्रामस्थांनी ती पुन्हा साफ केली. तेव्हा खरी सुकेळी महाग वाटली तरी घासाघीस करू नये. हाताला तेलकट लागणारी, एकसारख्या रंगाची केळी दिसली तर मात्र दोनदा विचारावे.

दुसरा पदार्थ भुजिंग. मसाला लावलेले कोंबडीचे तुकडे कोळशावर भाजायचे आणि मग पोहे, बटाटे, लसूण-मिरचीच्या वाटणासह कढईत परतायचे, अशी ही कृती. १९४० च्या दशकात आगाशीतील एका कुटुंबाने तो विकण्यास आरंभ केला, असे सांगितले जाते. कोंबडी आणि पोहे ही जोडी ऐकायला चमत्कारिक वाटते. खाल्ल्यावर वाटत नाही. आता विरार-नालासोपाऱ्यात पावलोपावली भुजिंगचे फलक दिसतात. त्यांतील बऱ्याच ठिकाणी कोंबडी भाजण्याऐवजी तळतात आणि वर लाल रंग टाकतात. कोळशाची शेगडी डोळ्यांना दिसत असेल तेथेच मागवावे. भुजिंग बहुतेक ठिकाणी सायंकाळी तयार होते, त्यामुळे सकाळी अर्नाळा आणि परतताना आगाशी असा क्रम ठेवणे सोयीचे.

अर्नाळा आणि मासळी

अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर दोऱ्यांना जोडी-जोडीने टांगलेले बोंबील हे येथले नित्याचे दृश्य. समोरच्या बेटावर किल्ला आहे. मराठ्यांनी तो १७३७ मध्ये घेतला. बेटावर कोळ्यांची वस्ती व कालिकामातेचे मंदिर असून छोट्या बोटीने तेथे जाता येते. पाण्यात पाय भिजवून चढावे-उतरावे लागते, हे वृद्धांना सोबत नेताना ध्यानात ठेवावे.

ताजी मासळी हवी असेल तर बोटी किनाऱ्याला लागण्याची वेळ गाठावी. ही वेळ भरतीप्रमाणे रोज बदलते. आदल्या दिवशी गावात विचारले की कळते. ओले बोंबील, मांदेली, करंदी, पापलेट, चिंबोऱ्या ही येथील मुख्य मासळी. ओले बोंबील काही तासांतच सुटतात, म्हणून बर्फाशिवाय मुंबईपर्यंत नेण्याचा हट्ट धरू नये. किनाऱ्यावर तांदळाच्या भाकरीबरोबर तळलेले खावेत आणि घरी न्यायचे तर सुके न्यावेत. सुके बोंबील, जवळा, सोडे दोन पिशव्यांत बांधून घ्यावेत. लोकलच्या डब्यातील सहप्रवाशांचा तो हक्क आहे. जून आणि जुलै हे मासेमारी बंदीचे महिने. त्या काळात ‘ताजे पापलेट’ म्हणून समोर येते ते शीतगृहातले, हे जाणून असावे.

अर्नाळा, राजोडी, कळंब येथील रिसॉर्टवाल्यांबद्दल येथेच सांगणे उचित. दिवसाचे ठरावीक दर, पोहण्याचा तलाव आणि दुपारचे जेवण असा त्यांचा सौदा असतो. मुलांना तो आवडतो. जेवण मात्र बहुतांशी पनीर, तंदुरी कोंबडी आणि नूडल्स. शंभर पावलांवर कोळीवाडा असताना हे खाणे म्हणजे वसईला येऊन न आल्यासारखेच. समुद्रात उतरण्याबाबत एकच सूचना : कळंब, राजोडी, भुईगाव या किनाऱ्यांवर बुडून मृत्यू झाल्याच्या घटना घडल्या आहेत. भरतीच्या वेळी आणि मद्य घेऊन पाण्यात जाऊ नये. पावसाळ्यात चिंचोटी आणि तुंगारेश्वरच्या धबधब्यांवर प्रशासन बरेचदा मनाई करते. तो हुकूम मोडून मिळवण्यासारखे तेथे काही नाही.

वाडीतले, घरातले

वसईचे खरे उत्तम पदार्थ हॉटेलांत फारसे मिळत नाहीत. हिवाळ्यात वाडवळांकडे होणारी उकडहंडी हे त्याचे ठळक उदाहरण. कोनफळ, करांदे, रताळी, वालपापडी, वांगी असा हंगामाचा सारा ऐवज मडक्यात स्वतःच्याच वाफेवर शिजतो. गुजरातच्या उंधियूशी तिचे नाते उघड आहे, पण तेलाचा सोस नाही. ईस्ट इंडियन घरांत उन्हाळ्यात कुटून गडद रंगाच्या बाटल्यांत भरला जाणारा बाटली मसाला वर्षभर पुरतो. विंदालू, सोरपोतेल आणि तळलेले गोल फुगे हा त्यांच्या मेजवानीचा थाट. फुग्यांचे पीठ पूर्वी ताडी घालून आंबवत. सोरपोतेल डुकराच्या मांसाचे असते, हे न विचारता मागवणाऱ्यांनी लक्षात घ्यावे. काही घरांतून आगाऊ सांगितल्यास जेवण मिळते. अशा वेळी माणसांची संख्या नेमकी कळवावी आणि ऐनवेळी बदलू नये, कारण बाजार त्याच हिशेबाने झालेला असतो.

डिसेंबरचा शेवटचा आठवडा नंदाखाल, पापडी, गास या भागांत फिरण्यासाठी उत्तम. घरोघरी आकाशकंदील, गोठ्यांचे देखावे आणि नेवऱ्या, कुलकुल अशा फराळाची ताटे. कार्तिक वद्य एकादशीपासून भरणारी निर्मळची जत्रा हे दुसरे निमित्त. शंकराचार्यांच्या समाधिमंदिरासाठी हिंदू येतात, बाजारासाठी सर्वच धर्मांचे लोक. सुकेळी, सुकी मासळी, मसाले, मिठाई, लाकडी व लोखंडी सामान एकाच ठिकाणी मिळते. जत्रेच्या पहिल्या दिवशी रस्ते तुंबतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सकाळी जावे.

जून-जुलैत मासळी नसली तरी येणे व्यर्थ जात नाही. विरार आणि वसई स्थानकांबाहेर आदिवासी महिला शेवळ, कंटोली, टाकळा, बांबूचे कोंब घेऊन बसतात. शेवळ नीट शिजवले नाही, आंबट घातले नाही तर घसा खाजतो, म्हणून कृती विकणाऱ्या बाईंकडूनच समजून घ्यावी. त्या हौसेने सांगतात.

दोन दिवस हाताशी असतील तर पहिली सकाळ वसईच्या किल्ल्यात घालवावी. ऊन चढण्यापूर्वी पडक्या चर्चच्या कमानी आणि नागेश्वर मंदिर पाहून पारनाक्याकडे न्याहारीला यावे. किल्ल्यात खाण्याची सोय नाही, पाणी जवळ ठेवावे. दुपार निर्मळ व सोपाऱ्याचा स्तूप, जो भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये उत्खनन करून उजेडात आणला. दुसरा दिवस अर्नाळा-आगाशीचा. तिसरा दिवस मिळालाच, तर विरारहून डहाणू लोकल पकडावी. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला घोलवडचा चिकू हिवाळ्यात तेथे झाडाखालीच मिळतो, आणि वाटेत पालघरला उतरून सातपाटीला गेल्यास पापलेटचे गाव पाहता येते. डहाणूच्या गाड्यांमध्ये बरेच अंतर असते. परतीची गाडी चुकल्यास तास-दीड तास फलाटावर काढावा लागतो.