पानातला हिरवा रंग खरंच प्रकाश ओळखतो का?

पालकाच्या रसापासून लाइट सेन्सर बनवायचे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. वडूजमध्ये शेजारच्या मुलासाठी मी तसाच एक प्रकल्प करायला बसलो. मल्टिमीटरवर आकडा आला, आम्ही खूश! मग सहज वरून जाड कापड टाकलं, तरी आकडा जवळपास तेवढाच. दोन वेगळ्या धातूंच्या पट्ट्या ओल्या रसात बुडवल्या होत्या, म्हणजे ती लिंबाच्या बॅटरीसारखी बॅटरी झाली होती. म्हणून असा प्रयोग पाहिला की आधी अंधार करून बघा.

पण पानातला रंग प्रकाश शोषतो, हे खरंच आहे. क्लोरोफिल निळा आणि लाल प्रकाश जास्त शोषतं. त्या ऊर्जेने त्याच्या रेणूतला इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर जातो. तो तिथून तारेत आणता आला तरच करंट मिळतो, नाहीतर ती ऊर्जा उष्णता किंवा लाल प्रकाश होऊन निघून जाते. पालकाच्या स्पिरिटमधल्या अर्कावर अंधारात नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च मारा, हिरवा अर्क लाल चमकतो. (स्पिरिट पेटतं, गॅसजवळ नको.)

इलेक्ट्रॉन बाहेर काढायची एक युक्ती ब्रायन ओ'रेगन आणि मिखाएल ग्रेट्झेल यांनी १९९१ मध्ये दाखवली. काचेवर टिटॅनियम डायऑक्साइडच्या सूक्ष्म कणांचा थर, त्यावर चिकटलेला रंग. रंग थराला इलेक्ट्रॉन देतो, आयोडीनचं द्रावण त्याची भरपाई करतं. त्यांनी रुथेनियमचा रंग वापरला होता, पण वनस्पतींचे रंगही चालतात. पालक मात्र इथे मार खातो, कारण क्लोरोफिल त्या थराला नीट धरत नाही. लाल माठातल्या रंगाकडे चिकटण्यासाठी कार्बोक्झिल गट असतो, त्यामुळे पुढच्या वेळी मी माठच घेणार.

मग फोनच्या कॅमेऱ्यात सिलिकॉनच का? पानातले रंग उन्हात उडतात, सिलिकॉन वर्षानुवर्षं टिकतं. जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये या उडण्याचाच उपयोग करून वनस्पतींच्या रसाने रंगवलेल्या कागदावर चित्रं उमटवली होती.

शेवटी आम्हीही तेच केलं. कागदाला पालकाचा रस लावून वाळवला, वर शेवग्याची डहाळी, त्यावर काच, आणि गच्चीवरच्या उन्हात काही दिवस. डहाळीखालचा भाग हिरवा राहिला, बाकीचा फिका पडला. तो कागद आता वहीत मिटून ठेवलाय, कारण बाहेर ठेवला तर चित्रही उडेल.