दोन सीटची गाडी आणि तिसरा माणूस



गणपतीच्या कार्यक्रमाच्या तालमी सुरू झाल्या की रात्री दहाच्या सुमारास अल दुहैलमधल्या आमच्या तालमीच्या घराबाहेर एकच गोंधळ उडतो. कोण कोणाच्या गाडीतून परत जाणार? मागच्या वर्षी अशाच एका रात्री आपल्यातल्याच एकांच्या सिंगल कॅब पिकअपमध्ये ते स्वतः, पेटीवाले काका, एक वहिनी आणि वहिनींच्या मांडीवर त्यांची सहा वर्षांची मुलगी असे चौघे बसून गेले. "गराफापर्यंतच तर जायचंय!" सगळे सुखरूप पोचले. पण दुसऱ्या दिवशी वहिनींनीच विचारलं, "हे कायद्यात बसतं का हो?" आणि आम्हा कार्यकर्त्यांपैकी एकालाही नीट उत्तर देता येईना. म्हणून हा लेख.

उत्तर एका शब्दात: नाही.

गाडीत किती माणसं बसावीत हे गाडीच्या कागदावर ठरतं, आपल्या अंगकाठीवर नाही. इथे तो कागद म्हणजे इस्तिमारा. त्यावर सीटची संख्या लिहिलेली असते आणि त्या संख्येत चालवणारा धरलेला असतो. 'दोन' असेल तर चालक आणि आणखी एक, बस्स. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. दोन दारांची गाडी म्हणजे दोन सीटची गाडी नव्हे; बऱ्याच दोन दारी गाड्यांना मागे छोटी सीट आणि पट्टे असतात. डबल कॅब पिकअपमध्येही मागची रांग असते. तेव्हा दारं मोजू नका, इस्तिमारा पाहा. आणि पिकअपच्या मागच्या हौद्यात खुर्च्या, मखर, ढोलकी न्या, माणसं नकोत.

मुलांचा प्रश्न जास्त अवघड आहे. कतारच्या २००७ च्या १९ क्रमांकाच्या वाहतूक कायद्यानुसार दहा वर्षांखालच्या मुलाला पुढच्या सीटवर बसवता येत नाही. दोन सीटच्या गाडीला मागची सीटच नाही! म्हणजे पेटीवाले काका गाडीत नसते आणि ती मुलगी एकटीच त्या सीटवर बसली असती, तरी प्रश्न सुटला नसता. लहान मूल असलेल्या घराने दोन सीटची गाडी ही मुलाची गाडी नाहीच, असं धरून चालावं हे आमचं स्पष्ट मत. मांडीवर घेतलं म्हणजे मूल मोजलं जात नाही, ही आपली एसटीतली सवय. पाच वर्षांखाली फुकट, बारापर्यंत हाफ तिकीट! पण तो हिशोब भाड्याचा आहे, सुरक्षेचा नाही.

सुरक्षेचा हिशोब असा. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी धडकून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर २० किलोचं मूल हातात धरून ठेवायला साधारण २८० किलोचा जोर लागतो. म्हणजे तांदळाच्या २५ किलोच्या अकरा गोण्या. कोणत्याही आईच्या हातात ते बळ नाही. मायलेकींना एकाच पट्ट्यात अडकवणं तर त्याहून वाईट, कारण धडकेच्या वेळी मोठ्या माणसाचं सगळं वजन मुलावर येतं. समोरून एअरबॅग फुटते ती वेगळीच.

बरं, कोण बघतंय? ३ सप्टेंबर २०२३ पासून इथले कॅमेरे पुढच्या सीटवरचा पट्टाही बघतात. नसेल तर ५०० रियाल दंड. दोन पट्ट्यांत तीन माणसं बसणार कशी? शिवाय १ सप्टेंबर २०२४ पासून वाहतुकीचे दंड थकलेले असताना देशाबाहेर जाता येत नाही. दिवाळीला गावी जायचं तिकीट हातात आणि विमानतळावर आठवण, असं होऊ नये. मेट्राशवर अधूनमधून नजर टाकत जा.

आपल्याकडे भारतात काय, असंही काहींनी विचारलं. कोल्हापूर-सांगलीकडच्या मंडळींना वडाप सांगायला नको! २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या १९४ अ कलमाखाली प्रवासी वाहनात प्रत्येक जादा प्रवाशामागे २०० रुपये दंड आहे, आणि जादा माणसांची दुसरी सोय होईपर्यंत गाडी हलवता येत नाही. पट्ट्याचं कलम १९४ ब. त्यात १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालआसन नसेल तर १,००० रुपये. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सायरस मिस्त्री गेले, ते मागच्या सीटवर पट्टा न लावता बसले होते. त्यानंतर १ नोव्हेंबर २०२२ पासून मुंबई पोलिसांनी सगळ्या प्रवाशांसाठी पट्ट्याचा आग्रह धरला.

विम्याचं मात्र नीट वाचा. भारताच्या सर्वोच्च न्यायालयात २००७ मध्ये अंजना श्याम खटल्याचा निकाल लागला. ४२ जणांची परवानगी असलेल्या बसमध्ये ९० माणसं होती. कंपनीची जबाबदारी ४२ जणांपुरतीच, असं न्यायालयाने ठरवलं. भरपाई मागणारे मात्र त्याहून जास्त होते, म्हणून ती ४२ जणांची रक्कम सगळ्यांत प्रमाणात वाटायची आणि उरलेलं ज्याने त्याने बसमालकाकडून वसूल करायचं. तो निकाल कतारला लागू नाही. पण इथल्या पॉलिसीवरही सीटचा आकडा असतो, आणि कंपनीची पिकअप असेल तर ती घरच्या कामाला वापरायची मुभा आहे का हेही साहेबांना आधी विचारलेलं बरं.

यंदा तालमीच्या दिवशी दाराशी एक वही ठेवणार आहोत. गाडी आणणाऱ्यांनी इस्तिमाऱ्यावरच्या सीटपैकी किती रिकाम्या आहेत तो आकडा लिहावा. परत जाणाऱ्यांनी त्यापुढे नावं लिहावीत. लहान मुलं असलेल्यांची नावं आधी. ज्यांना जागा उरणार नाही त्यांना आम्ही कतार युनिव्हर्सिटी मेट्रो स्थानकापर्यंत दोन फेऱ्यांत सोडू, किंवा कर्वा टॅक्सी बोलावून देऊ. टॅक्सीचे पैसे मंडळाच्या चहाच्या डब्यातून. पेटीवाले काका म्हणतात, पेटीलाही एक सीट धरा. ती हौद्यात जाईल, काका!