ख्रिस्तपूर्व पूर्वजांची गति



अजिंठ्याचें दहावें लेणें ज्यांनीं लक्षपूर्वक पाहिलें आहे, त्यांना तेथील दर्शनी कमानीवर कोरलेला एक लहानसा ब्राह्मी लेख आठवत असेल. वासिठीपुत कटहादी नांवाच्या दात्यानें लेण्याचें हें दर्शनी मुख दान केलें, एवढाच त्याचा आशय. अक्षरांच्या वळणावरून विद्वानांनीं त्याचा काळ इसवी सनापूर्वींचें दुसरें शतक असा ठरविला आहे. जळगांवाहून सुमारें ६० किलोमीटरांवरील त्या डोंगरांत हा गृहस्थ पदरचें द्रव्य वेंचून पुण्य जोडतो, आणि पॅलेस्टाइनांत येशू ख्रिस्ताचा जन्म होण्याच्या किती तरी आधीं हें जग सोडून जातो. ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या दृष्टीनें ह्या कटहादीची मरणोत्तर गति कोणती, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

वरवर पाहतां हा प्रश्न पंडितांचा वाटेल. पण खानदेशांत तो घरचा आहे. वैशाख शुद्ध तृतीयेला, म्हणजे आपल्या आखाजीला, पितरांच्या नांवानें पाण्याची घागर भरावयाची आणि विस्तवावर आगारी टाकावयाची, ही आपली जुनी रीत. ज्या घरानें ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्या घरीं ती घागर बहुधा पुढें भरली जात नाहीं. मग जिला आजवर दरवर्षीं पाणी दिलें ती पणजी आतां कोठें आहे, असें घरांतील लेंकरानें विचारलें, तर बापानें काय सांगावें? ख्रिस्ती जगानें ह्या प्रश्नाला जीं उत्तरें दिलीं, त्यांतील कांहीं फार महत्त्वाचीं उत्तरें आपल्याच किनाऱ्यावर व आपल्याच भाषेंत दिलीं गेलीं आहेत.

प्रथम अडचण कोठें आहे तें पाहूं. पुनर्जन्म मानणाऱ्या धर्मांना काळाचा अडसर नाहीं. ह्या जन्मीं न साधलें तें पुढील जन्मीं साधेल. ख्रिस्ती धर्माचें तसें नाहीं. पंतय पिलात नांवाच्या रोमन सुभेदाराच्या अमदानींत, एका विशिष्ट गांवीं व एका विशिष्ट दिवशीं घडलेल्या घटनेवर तो उभा आहे. मुक्तीचें द्वार एकच, आणि तें इतिहासाच्या एका क्षणीं उघडलें, असें म्हटलें म्हणजे त्या क्षणापूर्वीं येऊन गेलेल्यांनीं कोठून जावें, हा प्रश्न उभा राहतोच.

पहिल्या शतकांतील ख्रिस्ती लोकांनाही तो पडला होता. पेत्राच्या पहिल्या पत्रांत, बंदींत असलेल्या आत्म्यांना ख्रिस्तानें जाऊन घोषणा केली, असा गूढ उल्लेख आहे. उपासनेच्या वेळीं आजही म्हटल्या जाणाऱ्या जुन्या विश्वासप्रतिज्ञेंत ख्रिस्त अधोलोकांत उतरला असें एक वाक्य आहे. मध्ययुगीन चित्रकारांनीं हा प्रसंग मोठ्या आवडीनें रंगविला: पाताळाचे दरवाजे मोडून पडले आहेत, आणि ख्रिस्त म्हाताऱ्या आदामाचा हात धरून त्याला बाहेर ओढीत आहे. परंतु आदामाच्या मागून कोण कोण बाहेर पडले? केवळ यहुदी कुलपुरुष, कीं इतरही सज्जन?

येथें मतें फुटलीं. दुसऱ्या शतकांतील जस्टिन ह्या हुतात्म्यानें लिहिलें, कीं जे विवेकाला अनुसरून जगले ते ख्रिस्ताचेच होत. ह्यांत त्यानें सॉक्रेटिसाचें नांव स्पष्टपणें घेतलें. त्याच शतकाच्या अखेरीस अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटानें, सुवार्ता अधोलोकांतील इतर राष्ट्रांच्या नीतिमान माणसांनाही ऐकविली गेली, असें मानलें. भारतांतील कांहीं लोक बुट्टा नांवाच्या पुरुषाचे नियम पाळतात व त्याच्या असामान्य साधुत्वामुळें त्याला देव मानतात, हेंही ह्या क्लेमेंटाला ठाऊक होतें. म्हणजे कटहादीच्या गुरूचें नांव ख्रिस्ती ग्रंथांत इतक्या लवकर पोहोंचलें होतें. पुढें ऑगस्टिनानें मात्र दोरी आंवळली. ईयोबासारखा एखादा परका मनुष्यही देवाचा होऊं शकला हें त्यानें मान्य केलें. परंतु खऱ्या देवाच्या भक्तीवांचूनचे सद्गुण हे खरे सद्गुणच नव्हत, असा त्याचा निर्णय होता. पश्चिम युरोपावर हजार वर्षें ह्या मताचें वजन राहिलें.

१३२१ मध्यें वारलेल्या दांते ह्या इटालियन महाकवीनें सॉक्रेटिस, प्लेटो व आपला गुरु व्हर्जिल ह्यांना नरकाच्या उंबरठ्यावर ठेविलें. तेथें यातना नाहींत, पण आशाही नाहीं. तथापि त्याचें समाधान झालें नसावें. कारण स्वर्गाच्या वर्णनांत त्यानें एक शंका मुद्दाम काढली आहे: सिंधूच्या तीरीं एक मनुष्य जन्मतो; तेथें ख्रिस्ताविषयीं बोलणारा कोणी नाहीं; तो सदाचरणानें जगतो आणि बाप्तिस्म्यावांचून मरतो. त्याला दोषी ठरविणारा न्याय कोणता? शंका घ्यावयास कवीला हिंदुस्थानचा मनुष्य आठवला, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. प्रॉटेस्टंटांत झ्विंग्लीनें १५३१ मध्यें सॉक्रेटिस, केटो इत्यादिकांना सरळ स्वर्गांत बसविलें; तें वाचून लूथर फार संतापला.

युरोपांत हा वाद ग्रंथांतून चालला होता. पूर्वेकडे आल्यावर तो जिवंत माणसांच्या तोंडून ऐकूं येऊं लागला. सेंट फ्रान्सिस झेवियर १५४२ च्या मे महिन्यांत गोव्यास उतरले, आणि १५४९ मध्यें जपानांत गेले. तेथून परतल्यावर १५५२ च्या जानेवारींत कोचीनहून त्यांनीं युरोपांतील आपल्या बांधवांस एक दीर्घ पत्र लिहिलें. नव्यानें ख्रिस्ती झालेले जपानी लोक त्यांना विचारीत, कीं आमचे मेलेले आईबाप नरकांतून सुटावेत म्हणून आम्हांला प्रार्थना किंवा दानधर्म करतां येणार नाहीं काय? उपाय नाहीं, असें झेवियरांनीं सांगितलें, आणि ते लोक रडूं लागले. निरुपाय गोष्टीसाठीं आपले प्रिय मित्र रडतांना पाहून मलाही वाईट वाटतें, असें त्यांनीं त्या पत्रांत प्रांजळपणें नमूद केलें आहे. त्याच पत्रांत दुसरीही एक गोष्ट आहे. देवानें आम्हांला आपला नियम आधीं कां कळविला नाहीं, असा आक्षेप आल्यावर त्यांनीं उत्तर दिलें, कीं खून व चोरी वाईट हें डोंगरांत एकट्या वाढलेल्या माणसालाही कोणी न शिकवितां कळतें. तो नियम देवानें सर्वांच्या अंतःकरणांत लिहिलेला आहे. हें उत्तर पौलाच्या पत्रांतील विचाराला धरूनच आहे. परंतु नियम जर सर्वांच्या अंतःकरणांत आहे, तर तो पाळणारा मनुष्यही कोठेंतरी असेल, हें पुढचें पाऊल झेवियरांनीं टाकलें नाहीं.

ह्याच काळांत एक विलक्षण योगायोग घडला. बारलाम व जोसाफत ह्या दोन साधूंची कथा मध्ययुगीन युरोपांत घरोघर वाचली जात असे. जोसाफत हा हिंदुस्थानांतील राजपुत्र. जरा, व्याधि व मृत्यु ह्यांचें दर्शन घडूं नये म्हणून बापानें त्याला महालांत कोंडलें होतें. पुढें तो विरक्त होऊन ख्रिस्ती साधु झाला, अशी ती कथा. रोमन संतनामावलींत २७ नोव्हेंबर हा त्याचा दिवस म्हणून नोंदलेला होता. गोव्याच्या दप्तरखान्याचा अधिकारी व इतिहासकार दियोगु दु कोत हा साष्टींतील कान्हेरीचीं लेणीं पाहावयास गेला असतां तेथील एका वृद्धानें त्याला सांगितलें, कीं हीं लेणीं जोसाफताच्या बापानें मुलाला एकांतांत वाढविण्यासाठीं खोदविलीं. तेव्हां लोक ज्याला बुद्ध म्हणतात तोच हा जोसाफत असेल, असा तर्क त्यानें १६१२ मध्यें छापलेल्या आपल्या इतिहासांत केला. तर्क खरा होता, पण उलट दिशेनें. बोधिसत्त्व ह्या शब्दाचाच अरबी व ग्रीक भाषांतून अपभ्रंश होत जोसाफत हें नांव बनलें, आणि बुद्धाचेंच चरित्र ख्रिस्ती वेष घेऊन युरोपांत गेलें, हें एकोणिसाव्या शतकांतील संशोधकांनीं सिद्ध केलें. अशा रीतीनें ख्रिस्तापूर्वीं कित्येक शतकें होऊन गेलेला एक भारतीय पुरुष संतांच्या यादींत शेंकडों वर्षें बसून होता. त्याला नांवानिशीं कोणी प्रवेश दिला नसता. त्याचें चरित्र मात्र ऐकणाऱ्यांना संताचेंच वाटलें.

आतां आपल्या भाषेकडे येऊं. इंग्लंडांत जन्मलेले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्यें गोव्यास आले, आणि त्यांचें मराठी ओंवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्यें रायतूर येथें रोमन लिपींत छापलें गेलें. जुनीं पुराणें बंद झालीं, आतां आम्हीं काय ऐकावें, ही नवख्रिस्ती श्रोत्यांची मागणी त्या ग्रंथाच्या मुळाशीं आहे. ग्रंथाचे दोन भाग असून त्यांतील सबंध पहिला भाग ख्रिस्तापूर्वींच्या लोकांसंबंधीं आहे. आदाम, नोहा, अब्राहाम, मोशे, दावीद ह्यांच्या कथा साष्टींतील व बारदेशांतील लोकांनीं ज्ञानेश्वर-एकनाथांच्या छंदांत ऐकल्या. ख्रिस्तापूर्वीं जन्मलेला प्रत्येक मनुष्य देवाला पारखा नव्हता, हें त्या श्रोत्यांना ह्या भागावरून उमगलें असेल. त्यांना पूर्वज मिळाले. परंतु ते दुसऱ्याचे. स्वतःच्या आजोबा-पणजोबांना त्या पुराणांत जागा नव्हती.

ही जागा मागण्याचें धैर्य तीनशें वर्षांनीं एका मराठी कवीनें केलें. नारायण वामन टिळकांनीं १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. तुकारामाच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताच्या चरणांपाशीं पोहोंचलों, असें ते सांगत. यहुद्यांना जसा जुना करार, तसें आम्हां मराठी लोकांना आमचें संतवाङ्मय, ही त्यांची भूमिका होती. तिचें महत्त्व पाहा. तुकाराम सतराव्या शतकांतले. पंचांगाच्या हिशेबानें ते ख्रिस्तोत्तर. पण देहूपर्यंत ती सुवार्ता पोहोंचलीच नव्हती, म्हणून देहूपुरता तो काळ ख्रिस्तपूर्वच होता. मला ह्या साऱ्या इतिहासाचें मर्म येथें आहे असें वाटतें. ख्रिस्तपूर्व काळ जगांत सर्वत्र एकाच दिवशीं संपला नाहीं. रोमांत तो पहिल्या शतकांत संपला, गोव्याच्या खेड्यांत सोळाव्या शतकांत, तर आपल्या सातपुड्याच्या पायथ्याशीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसही तो चालूच होता. म्हणून युरोपीय पंडितांना ख्रिस्तपूर्व म्हणतांच सॉक्रेटिस आठवतो; आपल्याकडील ख्रिस्ती माणसाला आजी आठवते.

खानदेशांत हा प्रश्न अधिक अवघड झाला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत येथें काम करणारीं मिशनें मुख्यतः प्रॉटेस्टंट होतीं. पश्चिम खानदेशांत, धुळें-नवापूरकडे, स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचें काम होतें. रोमन कॅथोलिकांना मृतांसाठीं प्रार्थना करण्याचा २ नोव्हेंबर हा दिवस तरी आहे. प्रॉटेस्टंटांनीं मृतांसाठीं प्रार्थना करण्याची चालच सोडलेली. तेव्हां येथील नवख्रिस्ती कुटुंबाची आखाजीची घागर गेली, आणि तिच्या जागीं दुसरें कांहीं आलें नाहीं. ह्या मंडळींतील विचारी माणसें बहुधा अब्राहामाच्या एका प्रश्नाचा आधार घेतात: सर्व जगाचा न्यायाधीश अन्याय कसा करील? ज्याचें त्याचें त्याच्यावर सोंपवावें, आपण निवाडा करूं नये. हें उत्तर नम्र आहे, आणि दुःखी माणसाला तेवढेंही पुष्कळ असतें.

रोमच्या धर्मपीठानें ह्याहून स्पष्ट बोलण्यास बराच काळ घेतला. स्वतःच्या दोषावांचून ज्यांना सत्य धर्म कळला नाहीं, परंतु जे देवानें अंतःकरणांत लिहिलेला नियम पाळतात, त्यांना शाश्वत शिक्षा होणार नाहीं, असें नववे पायस ह्या पोपांनीं १८६३ मध्यें लिहिलें. पुढें दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें २१ नोव्हेंबर १९६४ रोजीं, अशीं माणसें देवाच्या कृपेनें तारणही पावूं शकतात, हें आपल्या अधिकृत लेखांत नमूद केलें. त्यानंतर दोनच आठवड्यांच्या आंत सहावे पॉल हे पोप मुंबईस आले, आणि ३ डिसेंबरला त्यांनीं आपल्या भाषणांत असत्याकडून सत्याकडे ने ही उपनिषदांतील प्रार्थना उच्चारून, ती आपल्याही काळाची आहे असें म्हटलें. बृहदारण्यकांतील ती प्रार्थना ज्या ऋषींनीं रचिली, ते कटहादीच्याही पूर्वींचे. कोचीनहून लिहिलेल्या झेवियरांच्या पत्रापासून मुंबईच्या ह्या भाषणापर्यंत ४१२ वर्षें लोटलीं.

एवढ्यानें सर्व वाद मिटला असें समजूं नये. अनेक ख्रिस्ती पंथ हें मत आजही मानीत नाहींत. उलट एखादा वारकरी म्हणेल, कीं आमचे तुकोबा दुसऱ्या गांवीं जाण्याचा सेतु नव्हत. आम्हीं ज्या गांवीं पोहोंचलों तें गांवच ते आहेत. आणि अजिंठ्याचा कटहादी हंसून म्हणेल, कीं माझी गति माझ्या कर्मानें ठरली आहे, तुम्हीं कशाला श्रम घेतां? हे आक्षेप रास्त आहेत. दुसऱ्याच्या पूर्वजांना आपल्या स्वर्गांत जागा देणें हें औदार्य खरें, पण त्यांत यजमानपण गृहीत धरलेलें असतें.

तथापि ह्या इतिहासांतून एक गोष्ट निःसंशय दिसते. ग्रंथांत बंद असतांना हा सिद्धांत कठोर राहूं शकला. परंतु जेव्हां जेव्हां त्याला आईबापांसाठीं रडणाऱ्या माणसासमोर उभें राहावें लागलें, तेव्हां तेव्हां त्याला उत्तर शोधावें लागलें. झेवियरांना उत्तर सांपडलें नाहीं, पण त्यांनीं तीं आसवें लपविलीं नाहींत, आपल्या पत्रांत नोंदलीं. तें पत्र युरोपभर वाचलें गेलें, आणि हा प्रश्न त्यानंतर कोणाला टाळतां आला नाहीं. पितरांविषयींची कृतज्ञता ही कोणत्याही एका धर्माची मिरास नाहीं. आणि जो धर्म माणसाच्या घरीं राहावयास येतो, त्याला त्या घरच्या मेलेल्यांचीही विचारपूस करावीच लागते.